शिळं पाणी

पाण्याचं बिल जास्त आलं की माणूस आधी मीटरला शिव्या देतो. मीटर उलटून बोलत नाही, म्हणून मग मला फोन करतो. "मिस्त्री, तुमचा मीटर पागल झाला!" आता बाप्पा, मीटर माझा कसा? मी तो बसवला, एवढाच माझा गुन्हा. पण नळवाल्याच्या नशिबी हे असतंच. लग्न जुळवून देणाऱ्याला जसं जन्मभर दोन्हीकडून ऐकावं लागतं, तसंच आमचं.

माझं नाव वासुदेव. शहापुरात हायवेला लागून माझं नळफिटिंगचं लहानसं दुकान होतं. म्हणजे अजून आहे, पण आता जावई पाहतो. नळाचं काम सगळं वाकून करायचं असतं, आणि माझे गुडघे वाकायला तयार नाहीत, म्हणून मी सामानाची पेटी जावयाच्या हवाली केली. तरी जुनी गिऱ्हाइकं मलाच बोलावतात. जावई पाना फिरवतो, मी खुर्चीवर बसून चुका काढतो. त्याला ते आवडत नाही. मला आवडतं.

या अंकाचे संपादक दुकानात आले आणि म्हणाले, "वासुदेवजी, घरातलं पाणी कसं वाचवावं, बिल कसं उतरवावं, यावर लिहा." मी म्हटलं, ते अर्ध्या पानात संपते जी, बाकीच्या पानांचं काय करता? ते म्हणाले, "बाकीच्या पानांत माणसं लिहा." म्हणून लिहितो. जमेल तेवढं शुद्ध लिहितो, पण माणसं आपापल्या बोलीतच बोलतील, त्याला माझा इलाज नाही.

आधी ते अर्धं पान उरकून टाकतो.

मीटर खरा की खोटा, हे पाहायला मिस्त्री लागत नाही. नळ आलेला असताना घरातल्या सगळ्या तोट्या बंद करा, टाकी भरू द्या, आणि मीटरजवळ जाऊन बसा. मीटरच्या तोंडावर एक इवलीशी चकरी असते. सगळं बंद असताना ती फिरत असेल, तर जमिनीखाली किंवा भिंतीत कुठेतरी पाणी जाऊन राहिलं आहे. तेव्हा मला बोलवा. चकरी गप्प असेल, तर पाणी तुमच्याच हातून जातं आहे आणि तिथं माझा पाना चालत नाही. तोटी ठिबकत असेल तर आतला वायसर, म्हणजे रबराची चकती, बदला. तोटी आवळून आवळून बंद करू नका, त्यानं वायसर आणखी चिरडतो. फ्लशच्या टाकीत कपड्याला घालतात ती नीळ थोडी टाका, पाणी सोडू नका, चहा पिऊन या. खालचं भांडं निळं झालेलं दिसलं तर आतला रबर गेला आणि तुमचं पाणी गुपचूप वाहून राहिलं, असं समजा. फक्त नीळ टाकल्यावर घरच्यांना सांगा. एका बाईनं सांगितलं नाही, तर तिचे सासरे धोतर सावरत बाहेर आले आणि "मले कोनता तरी रोग लागला वं, डॉक्टरले बोलाव!" म्हणून आंगणभर फिरले. मी तिथंच होतो. हसूही येईना आणि थांबवताही येईना.

झालं अर्धं पान. आता माणसं.

शहापुरातच एक धानाचे व्यापारी होते. मोठं घर, घराला बोअर, गच्चीवर टाकी. मोटर लावली की टाकी भरून वरून वाहायची, आणि ते जास्तीचं पाणी एका पाइपातून घरामागं पडायचं. मागं कोणी बघत नाही, म्हणून ते वाहतच राहायचं. मी म्हटलं, "शेठ, पानी वाहून राहिलं." ते म्हणाले, "बोअरचं पानी आहे गा, त्याले कुठं बिल लागते?" मी म्हटलं, "पान्याले नाई लागत, पन मोटरले तं लागते!" तर म्हणाले, पाहू ना, पाहू. असे पाहूवाले लोक मला फार भेटले.

पुढं टाकीचं काहीतरी काम निघालं तेव्हा मी त्यांना न विचारता तो पाइप मागून काढला आणि पुढच्या सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, कडेला आणून सोडला. सपरीत त्यांचा झोपाळा होता, आमच्याकडे त्याला बंगई म्हणतात. सकाळी ते पांढरे कपडे घालून बंगईवर पेपर वाचत बसायचे. मोटर सुरू होती. टाकी भरली. मग काय, फोन आला.

"मिस्त्री! माह्या डोक्यावर पानी सोडलं का तुम्ही?"

"तुमचंच पानी आहे जी. मागं पडत होतं तेव्हा तुमाले दिसत नोतं."

बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण त्याच आठवड्यात टाकी भरली की वाजणारी घंटी लावून घेतली, तीही माझ्या दुकानातून नाही, दुसऱ्याकडून. नंतर कुठं लग्नात भेटले की चारचौघांत म्हणायचे, "या, पाऊस पाडनारे." आम्ही दोघंही हसायचो. ती युक्ती मी पुढं पुष्कळ घरी केली, पण पहिल्यांदा ओला झालेला माणूस वेगळाच.

नाकाडोंगरीला एक जण होते. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली उतरून काम करण्यात त्यांचा सगळा जन्म गेला, आणि रिटायर झाल्यावर तिथं घर बांधून राहिले. खाणीच्या वसाहतीत राहिलेल्या माणसाच्या हातात पाण्याचं बिल असं कधी आलंच नव्हतं. नवीन घराचं बिल आलं तर ते घेऊन बसनं थेट माझ्या दुकानात. मीटर पागल वगैरे नेहमीचं सगळं झालं. मी गेलो, चकरी पाहिली, गप्प होती. मग मी त्यांना म्हटलं, "काका, हात धुवा, चहा घेऊ."

ते तोटी सोडून बसले. हात चोळताहेत, मनगट चोळताहेत, कोपर चोळताहेत, तोटी आपली पूर्ण सुटलेली. त्यांच्या बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "काका, एवढा वेळ?" तर म्हणाले, "काळं पानी जाऊन पांढरं येईपर्यंत तोटी बंद करायची नाई, अशी आदत आहे गा." खाणीतून वर आल्यावर अंगावर काळी धूळ असायची. हाताखालून स्वच्छ पाणी वाहू लागलं की झालं, ही त्यांची खूण. आता धूळ नव्हती. पाणी पहिल्यापासूनच पांढरं येत होतं. तरी हात थांबायला तयार नव्हते.

काकू म्हणाल्या, "मी सांगून सांगून थकली." मी काही सांगितलं नाही. तोटीच्या तोंडाला बारीक जाळी बसवून दिली. तिच्यानं पाण्यात हवा मिसळते, धार भरलेली दिसते, पण पाणी कमी जातं. पुढचं बिल आल्यावर काकांनी फोन केला, "मिस्त्री, मीटर दुरुस्त केला वाटते तुम्ही!" मी म्हटलं, हो जी, केला. त्यांना चोळू द्या ना बाप्पा हात. त्या हातांनी पुष्कळ केलं होतं.

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसलो, तिथं येतो. गावाचं नाव लिहीत नाही. शहापूरपासून आतल्या बाजूला, तलावाच्या पाळीखालचं, बांधाखालचं गाव आहे, एवढं पुरे.

घर धानवाल्या शेतकऱ्याचं. दोन भाऊ, मोठा मोरेश्वर, धाकटा दिलीप. मोरेश्वरची बायको निर्मला, दिलीपची कल्पना. आणि भावांची म्हातारी आई. तिला घरचे, शेजारचे, सगळे माय म्हणायचे, मीही मायच म्हणायचो. शेती एकत्र, चूल एक. आंगणात सिमेंटचं एक मोठं टाकं होतं. रोज पहाटेनंतर नळ यायचा, टाकं भरायचं, आणि दोन्ही सुना दिवसभर त्याच टाक्यातून पाणी घ्यायच्या.

गावात मीटर लागले आणि जेवढं पाणी तेवढी पट्टी सुरू झाली. तेव्हापासून या घराची पट्टी सगळ्या आळीत जास्त यायला लागली. पहिल्यांदा घरात कुरकुर झाली, मग तोंडातोंडी, आणि मग भाऊ भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. मला बोलावलं तेव्हा दोघंही आंगणात होते, पण एक या टोकाला आणि दुसरा त्या.

"याच्या घरचे कपडे पाहा तुम्ही, मिस्त्री," मोरेश्वर म्हणाला. "सकाळपासून धुनंच चालू राह्यते."

"अन् याची म्हैस?" दिलीप तिकडून म्हणाला. "तिले दिवसातून किती खेपा आंघोळ घालते, विचारा त्याले."

"म्हैस तुही नाई का बे? दूध कोन पिते?"

"मिस्त्री, नळ अलग करून द्या," दिलीप म्हणाला. "ज्याचं पानी त्याचं बिल."

"हो, करूनच द्या," मोरेश्वर म्हणाला. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं जुळलं.

चूल वेगळी झाली, असं आपण ऐकतो. नळ वेगळा करा, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी नेहमीचा सवाल टाकला, "पानी वाया जाते का कुठं घरात?"

निर्मला टाक्याजवळ भांडी विसळत होती. ती म्हणाली, "थेंबभर नाई जी."

कल्पना दारात उभी होती. ती म्हणाली, "काईच नाई जात."

दोघीही जमिनीकडे पाहून बोलल्या, एकमेकींकडे पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, जावाजावांचं फारच बिनसलेलं दिसते.

मग मोरेश्वरनं आपला बेत सांगितला. "पाइपासाठी नाली खनाचीच आहे, तं आंगनाच्या मधून सरळ खना. त्याच नालीत भिताडाचा पायवा भरून घेऊ. एका खोदकामात दोन्ही होते." म्हणजे माझ्या नळाच्या नालीवर यांची भिंत उभी राहणार होती. दिलीप मोटरसायकलची किल्ली हातात फिरवत राहिला.

मला काय, सांगितलं ते काम. मी पिशवीतून चुन्याची फक्की काढली आणि रेघ मारायला लागलो. दरवाज्यापासून निघालो, आंगण कापलं, टाक्याच्या बाजूनं गेलो, सपरीत शिरलो. सपरीत मायची खाट होती. माय खाटेवर पाय सोडून बसली होती. मी वाकून जवळ आलो तर तिनं पाय वर घेतले, माझ्या रेघेला वाट दिली. रेघ खाटेखालून गेली आणि भिंतीला टेकली.

माय वाकून खाली पाहून म्हणाली, "मिस्त्री, माही खाट कोन्या बाजूले येईन गा?"

मोरेश्वर आढ्याकडे पाहायला लागला. दिलीप बाहेर जाऊन मोटरसायकलला किक मारायला लागला. ती सुरू झाली तरी मारतच होता. माझ्या हातात फक्की, आणि म्हातारी माझ्याच तोंडाकडे पाहून राहिली, जसं काही हे मीच ठरवणार. मी "पाहू ना माय" म्हटलं. शेठसारखाच पाहूवाला झालो. फार वाईट वाटलं.

मी भावांना सांगून टाकलं, उद्या नळ यायच्या वेळी येऊन गळती पाहतो, खोदकाम त्याच्यानंतर. मोरेश्वर म्हणाला, काय गरज आहे. मी म्हटलं, "गळती असली तं दोन नळानं दोन गळत्या होतीन. मी तपासल्याबिगर खोदत नाई." खरं म्हणजे मला एक दिवस हवा होता. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमारास मी गेलो. पुढून गेलो नाही, घरामागच्या सांदवाडीच्या बाजूनं गेलो, कारण पाणी कुठून पळतं ते मागूनच कळतं. सांदवाडीत वांगी-मिरच्यांची चार झाडं, म्हशीचा एक जुना रिकामा सिमेंटचा हौद, आणि भिंतीच्या भोकातून निघालेली नाली. गावात नळ अजून आला नव्हता. आणि नाली भरून वाहून राहिली होती! पाणी स्वच्छ होतं, साबणाचा फेस नाही, शेणाचा रंग नाही. आपलं पिण्याचं पाणी.

मी बाजूच्या दारानं आंगणात डोकावलो. घर झोपलेलं होतं. माय पदर खोचून टाक्याशी वाकली होती. टाक्याच्या बुडाशी एक भोक होतं, त्यात चिंध्यांचा बोळा असायचा. तो बोळा तिच्या हातात होता, आणि अर्धं टाकं पाणी त्या भोकातून मागं चाललं होतं. दुसऱ्या हातात काथ्या, त्यानं ती टाकं आतून घासत होती.

"माय, हे काय करून राहिली?"

ती दचकली नाही. "शिळं पानी काढून राहिली गा. कालचं आहे ना."

"रोज काढते?"

"मंग? कालचं पानी देवापुढं कसं ठेवाचं? पोराइले कालचं कसं पाजाचं?"

"काल तं सुना म्हनल्या, पानी वाया जात नाई."

"वाया कुठं जाते?" ती म्हणाली. "मी काढून टाकते."

मी तिथं उभा राहिलो आणि मला हसू आलं. माझा सवालच चुकला होता. आमच्या भागात पाणी सांडलं, गळलं, पोरांनी खेळून घालवलं, तर ते वाया गेलं. शिळं पाणी काढणं हे घर झाडण्यातलं काम. झाडून कचरा बाहेर टाकला तर कोणी म्हणतं का, कचरा वाया गेला?

मी म्हटलं, "माय, हे नळाचं पानी धरनातलं आहे. धरनात ते कवापासून पडून आहे, कोनाले माहीत. ते तं पहिलेच शिळं!"

माय हसली. दात नव्हते, पण हसली छान. "धरनात असन शिळं. माह्या टाक्यात नाई पाहिजे."

मग तिनंच काथ्या घासता घासता सांगितलं. ती नवरी होऊन या घरात आली तेव्हा तिच्या सासूनं पहिल्या सकाळी हातात पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याची घागर, दिला. कालचं पाणी काढायचं, विहिरीवरून आजचं आणायचं, मग चूल पेटवायची. "आता चूल सुना पाह्यते, वावर पोरं पाह्यते," ती म्हणाली. "मले कोनी काम करू देत नाई. एवढं एकच माह्या हाती आहे. म्हून त्याइच्या उठाच्या पह्यले करून टाकते."

आता सांगणं भाग होतं. मी शक्य तेवढ्या हळू सांगितलं की हे पाणी मीटरमधून येतं, अर्धं टाकं रोज काढलं तर तेवढं रोज पुन्हा भरतं, त्याचीच पट्टी येते, आणि त्याच पट्टीवरून पोरं भांडताहेत.

माय टाक्याच्या काठावर बसली. बोळा हातातच होता.

"माह्यानं?"

मी मान हलवली.

"म्हंजे ती रेघ मीच मारली म्हन की," ती म्हणाली.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ती रडली नाही. काथ्या खाली ठेवून म्हणाली, "पोराइले सांग तू. नाई तं भिताड होईन."

मी कात्रीत सापडलो. सांगितलं नाही तर भिंत होणार. सांगितलं, तर त्या दिवसापासून घरात काहीही बिघडलं की मायचं नाव निघणार. आणि पहाटेचं ते एक कामही तिच्या हातून जाणार. मग ती दिवसभर खाटेवर बसून काय करणार?

मी मागं सांदवाडीकडे पाहिलं. टाकं उंच, सांदवाडी खोल. चांगला उतार होता. नळवाल्याला उतार दिसला की त्याचं डोकं चालायला लागतं. म्हशीचा तो रिकामा हौद उताराच्या बरोबर खाली होता.

भाऊ उठले तेव्हा मी आंगणात बसून विडी ओढत होतो. मी म्हटलं, "सापडली गळती. टाक्याच्या बुडाशी भोक आहे, बोळा राहत नाई, अर्धं टाकं मागच्या नालीनं जाऊन राहिलं." यातला एक शब्द खोटा नव्हता. बोळ्यावर हात कोणाचा होता, एवढंच सांगितलं नाही.

निर्मला चहा घेऊन आली होती, ती कप तसाच धरून म्हणाली, "हो का जी? बोळा होता का?"

कल्पना दारातून घाईघाईनं म्हणाली, "मले वाटलंच होतं, बोळाच असन!"

मोरेश्वरनं टाक्यात वाकून पाहिलं, दिलीपनं मागं जाऊन नाली पाहिली. ओली नाली पाहून परत आला आणि पहिल्यांदा भावाशी बोलला, "हो बे दादा, पानी जाऊन राह्यलं."

मी बोळा फेकून दिला. त्या भोकात पाइप बसवला, त्याला तोटी लावली, आणि पाइप मागं म्हशीच्या हौदात नेऊन सोडला. मग सगळ्यांसमोर सांगितलं, "आता रोज नळ यायच्या आधी कालचं पानी या तोटीनं हौदात सोडाचं. कपडे, म्हैस, वांगी, भांड्याचं पहिलं पानी, सगळं हौदातून. ताजं फक्त पेवाले अन् सैपाकाले. तेवढ्यानं पट्टी उतरन. पन ही तोटी एकाच मानसाच्या हाती पाहिजे. सगळ्याइनं हात लावला तं घोळ होते."

मायचं नाव घ्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात निर्मला म्हणाली, "मंग मायच्या हाती द्या. माय लवकर उठते."

"मायच करन," कल्पना म्हणाली.

मी मनात खूश झालो. कसं जमवून आणलं, म्हटलं!

भावांनी खोदकाम एका बिलापुरतं थांबवलं. पुढची पट्टी उतरली. त्याच्या पुढची आणखी उतरली, कारण आता तेच पाणी दोनदा कामी येत होतं. फक्कीची रेघ येण्याजाण्यानं पुसली, उरली ती सारवणात गेली. मी अधूनमधून त्या बाजूला गेलो की माय सपरीतून हाक मारायची, "मिस्त्री, शिळं सोडलं गा आज!" आणि मी म्हणायचो, "सोड माय, तुहाच नळ आहे."

या कामाचा मला फार अभिमान होता. किती मोठ्या बिल्डिंगांची फिटिंग केली, ती विसरलो, पण हे विसरलो नाही. एका घराची भिंत मी एका तोटीनं अडवली, आणि म्हातारीचं नाव कोणाला कळू दिलं नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

माय पुढं गेली. म्हातारपणानं गेली, घरच्यांच्या हातात गेली.

गेल्या हिवाळ्यात त्या घरून फोन आला, ती तोटी झिजली म्हणून. जावई दुसऱ्या कामावर होता, मीच गेलो. भाऊ दोघंही वावरात होते. दोन्ही जावा आंगणात पोतं पसरून लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी गुडघ्याखाली गोणपाट घेऊन, कण्हत-कुथत तोटी खोलली. मनात आलं, आता माय नाही, आता सांगायला काय हरकत आहे. सांगावंसंही वाटत होतं, खोटं नाही बोलत. केलेलं काम कोणाला तरी कळावं, असं कारागिराला वाटतंच.

म्हटलं, "तुमाले एक सांगतो. तेव्हा बोळा सैल नोता. माय रोज पहाटे शिळं पानी काढे."

निर्मलानं सुपातून डोकं वर केलं नाही. "मालूम आहे जी."

"कवापासून?"

"तुमच्या येण्याच्या पह्यलेपासून. एक दिवस खिडकीतून पाह्यलं होतं मी."

"मी बी पाह्यलं होतं," कल्पना म्हणाली. "मले वाटे, ताईले मालूम नाई. ताईले वाटे, मले मालूम नाई."

माझ्या हातात पाना तसाच राहिला. म्हणजे मी जे एवढं जपून ठेवलं होतं, ते त्या घरात माझ्या आधीच दोन ठिकाणी जपलेलं होतं!

"मंग काहून गप्प होत्या वं?" मी जरा चिडूनच विचारलं. "कपड्याचं, म्हशीचं नाव काहून ऐकून घेत होत्या? एक शब्द बोलल्या असत्या तं नवरे भांडले नसते. भिताड होऊन राहिलं होतं ना तुमच्या आंगनात!"

निर्मला कल्पनाकडे पाहून थोडी हसली. लाखोळीतला खडा काढून बाजूला टाकत कल्पना म्हणाली, "झालं असतं तं होऊ देलं असतं, मिस्त्री. भिताड झालं असतं, तरी माय कोनत्या तरी एका बाजूले राह्यलीच असती. तिचं नाव घेतलं असतं, तं ती कोनत्याच बाजूले नसती राह्यली."

मी नवीन तोटी लावली, उघडून-बंद करून पाहिली, हात पुसले. उठताना गुडघे कुरकुरले, तशी निर्मला म्हणाली, "बसा ना जी, पानी घ्या." आणि गडू भरून आणला. देता देता थांबली.

"आज नळ आला नाई. कालचं आहे. चालन ना?"

"चालते," मी म्हटलं.

सपरीत मायची खाट अजून तिथंच होती, मधोमध. तिच्यावर बसून मी गडूभर पाणी प्यायलो.